सावकाश होऊ द्या

रविवारी दुपारी रजनी डबा घेऊन नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात आली. काम साधंच होतं. मुकुंदचा अडकलेला प्रोग्राम पूर्ण चालवून दाखवायचा होता; ते त्यानेच तिला शिकवलं होतं.

मुकुंद तिचा नवरा. गेल्या महिन्यात भोकरदनच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. तेव्हापासून रजनीच्या डोळ्याला पाणी नव्हतं. बाया म्हणत, दगड झाली हो ही. तिला ते पटायचं. दगडाला निदान ऊन तरी लागतं, तिला तेही लागत नव्हतं.

जिन्याशी मार्तंडराव बसले होते. ऑफिसचा कारभार त्यांच्याकडे. ते चावी देत म्हणाले, "वहिनी, आज निकाल निघाला तर मुकुंदची जागा तुमची. न्हाई निघाला तर मालक उद्या सगळं काम पुण्याच्या कंपनीला देऊन टाकणार. मंग माझंबी काई चालणार न्हाई."

"बरं," रजनी म्हणाली.

वर बंद खोलीत धुळीचा आणि तापलेल्या वायरींचा वास कोंडला होता. कुठल्या वाणाचा कुठल्या वाणाशी संकर करायचा, हा हिशोब पाच संगणक मिळून करत. प्रत्येक संगणक आपल्या मेमरीचा एक भाग बाकीच्यांसाठी उघडा ठेवी. त्याला मुकुंद खिडकी म्हणायचा. पण ती बंद करायची तर सगळ्यांनी मिळूनच करावी लागे, तोवर निकाल हाती येत नसे. "पंगतीसारखं आहे," तो सांगायचा, "शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही." हे सांगायचा कोण, तर ज्याच्यापायी अख्खी पंगत हात वाळवत बसायची तो! गावी, पिंपळगाव रेणुकाईला, लग्नाकार्यात म्हणत, मुकुंद जेवायला बसला की वाढप्यांनी एक झोप काढून घ्यावी.

आता टेबलावर चारच संगणक होते. पाचवा, मुकुंदचा, बिघडला म्हणून गोदामात गेला होता. त्याची वायर परवा रजनीनेच उपटली होती.

ती एक नंबरवर बसली. प्रोग्राम सुरू झाला, चालला आणि शेवटाला येऊन थांबला. खिडकी बंद होईना. बाहेर रस्ता सुनसान, आत फक्त पंख्यांची घरघर.

मग तिने खिडकीलाच विचारलं. कुणाकुणाची आहेस, तुला कुणी कुणी बंद केलं? मुकुंदने उत्तरं मराठीतच लिहून ठेवली होती, इंग्रजी अक्षरांत. ती एकेक करून उमटली.

एक, झालं. दोन, झालं. तीन, झालं. चार, झालं.

पाच, जेवतोय.

तिने टेबलाच्या टोकाला पाहिलं. तिथे धुळीत एक चौकोनी कोरी जागा होती. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. गरम वरणभाताचा वास मात्र आला… डब्यात तर भाकरी-चटणी होती.

"अहो…" ती हळूच म्हणाली. "मला निघायला हवं हो. नोकरीचं आहे."

पंख्यांची घरघर जरा मंदावली.

पंगतीतून आधी उठावंच लागलं तर काय म्हणतात, ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने कोऱ्या जागेकडे तोंड करून हात जोडले.

"सावकाश होऊ द्या… मी उठते."

खिडकी बंद झाली. निकाल सरसर पडद्यावर उतरला. जिन्यावर येऊन तिने हाक मारली, तसे मार्तंडराव खालूनच ओरडले, "निघाला? बिलकुल बराबर! एकदा पुन्हा चालवून खात्री करा, वहिनी. जागा तुमचीच झाली म्हणून समजा!"

तिने प्रोग्राम पुन्हा चालू केला आणि खिडकीला विचारलं, कोण कोण बसलंय?

दोन. तीन. चार. पाच.

रजनीने पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं. ती ज्यावर टाईप करत होती, तो एक नंबर यादीत नव्हता. मी उठते, असं मघाशी तिनेच म्हटलं होतं. तिने कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले.

तरीही पडद्यावर नवी ओळ उमटली. पाच नंबर विचारत होता, एक नंबरला कोण आहे?

खाली उत्तर आलं, कुणी नाही.

रजनी तर तिथेच बसली होती. जरा वेळाने पाच नंबरने पुन्हा विचारलं.