तीन कॅमेरे आणि पोट सुटलेली भिंत

“बुडव! अगं, बुडव ना एकदाचा!” चिमटी किंचाळली.

ताईच्या हातात कॅमेरा होता आणि पुढ्यात काठोकाठ भरलेली बादली. कॅमेरा साबणाच्या वडीएवढाच, पण कोरा करकरीत, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याचा! दुकानदारानं तो नुसता वापरून बघायला दिला होता.

“आणि आत पाणी गेलं तर?” शंकासुरानं विचारलं. “दुकानदार म्हणतो, वॉटरप्रूफ. माझ्या बुटांनाही दुकानदार वॉटरप्रूफच म्हणाला होता. पहिल्या पावसात तळवे सुटून हातात आले!”

शंकासुर म्हणजे ताईचा मावसभाऊ, वय बारा. बोलायला लागल्यापासून त्याला इतक्या शंका येत, की त्याचं खरं नाव घरात कुणाच्या तोंडी उरलंच नव्हतं. चिमटी त्याची धाकटी बहीण, दहा वर्षांची. तिची नजर घारीची आणि नखं मांजराची. ताई तेरा वर्षांची, म्हणजे स्वतःच्या मते जवळजवळ मोठीच. सुट्टीत तिघं धाकट्या मावशीकडे येऊन धडकली होती.

“आधी झाकण उघडून रबराची कडी बघा!” मावशी आतून ओरडली. “तिच्यावर एक केस जरी अडकला ना, तरी गेला कॅमेरा कामातून!”

ताईनं बॅटरीचं झाकण उघडलं. काळ्या रबरावर खरोखरच एक लांब केस वेटोळं घालून बसला होता!

“चिमटे, हा तुझाच!”

“माझा कशावरून? ... बरं, माझाच.”

केस काढला, कडी पुसली, झाकण खट्कन लावलं आणि कॅमेरा बादलीत गेला. तिघांनी श्वास रोखले. बाहेर काढला, तर पठ्ठ्या जसाच्या तसा चालू! शंकासुराचा चेहरा मात्र पडला. आपली शंका खोटी ठरली की त्याला नेहमीच थोडं वाईट वाटे.

हे सगळं चाललं होतं ते मावशीसाठी. मावशी फोटोग्राफर होती. पावसाळी जंगलांवरच्या पुस्तकासाठी ती दुसऱ्याच दिवशी निघणार होती. मागच्या सफरीत तिच्या कॅमेऱ्यात ओल शिरली, काचेवर आतून धुकं धरलं आणि बाई हात हलवत परत आल्या. म्हणून या वेळी तिनं दुकानातून तीन कॅमेरे आणले आणि भाचरांना परीक्षक नेमलं. परीक्षकांनी लगेच नावं ठेवली : थोरला, मधला आणि धाकटा.

थोरला वजनदार, फोटो असे काढायचा की पाहत राहावं. पण भिंगावर थेंब पडला की दर वेळी फडकं घेऊन त्याच्या तैनातीला उभं राहावं लागे. मधला दिसायला देखणा, पण पडद्यावर पाऊस पडला की त्याला वाटे कुणीतरी बोट लावतंय! मग तो स्वतःच्या मनानंच फोटो काढत सुटायचा. धाकट्याचे फोटो जरा फिके, पण पावसाला तो भीक घालत नव्हता.

परीक्षा अगदी काटेकोर होती. उघड्या गॅलरीत ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागा रंगानं आखलेल्या. रोज सकाळी एक कॅमेरा तिथं पावसात उभा करायचा आणि समोरचा तोच फोटो काढायचा. समोर म्हणजे गल्लीपलीकडचं पाळणाघर. मावशीचा दोन वर्षांचा गोटू दिवसभर तिथंच असे. पाळणाघराच्या पाठीमागे टेकडी होती आणि टेकडीला धरून ठेवणारी, शेजारच्या मोकळ्या जागेपर्यंत गेलेली उंच दगडी भिंत. उन्हाळ्यातच तिला गिलावा करून छान पिवळा रंग दिला होता.

बादलीची परीक्षा झाली, तसे सगळे फोटो पाहायला तिघं संगणकासमोर बसली.

“हा थोरल्याचा, पहिल्या दिवशीचा. हा मधल्याचा. आणि हा आज सकाळचा, धाकट्याचा,” ताईनं तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. “रंग बघा, बारकावे बघा आणि गुण द्या.”

“भिंत जाड झालीय,” चिमटी म्हणाली.

“काय?”

“जेवून जेवून होते तशी! बघ ना. थोरल्याच्या फोटोत सरळ उभी आहे. मधल्याच्यात जराशी फुगली. आणि धाकट्याच्यात तर पोटच सुटलंय तिला!”

दोघं पुढे वाकली. पाळणाघराच्या छपरामागे भिंतीचा मधला भाग खरंच पुढे आला होता.

“मावशी! लवकर ये!”

मावशी बॅग भरता भरता आली, तोंडात दोरी, हातात मोजे. तिनं पडद्यावर एक नजर टाकली आणि हसली.

“अरे वेड्यांनो, कॅमेरा बदलला की रेषा थोड्या वाकतातच. प्रत्येक भिंगाची खोड वेगळी. धाकट्याचं भिंग स्वस्तातलं आहे, एवढाच त्याचा अर्थ!” आणि ती परत मोज्यांकडे गेली.

इतकी जाणती बाई सांगते म्हटल्यावर दुसरं कुणी गप्प बसलं असतं. पण शंकासुर!

“भिंगाची खोड असेल, तर मग थोरल्यानंच पुन्हा काढून बघू. त्याची खोड काही दोन दिवसांत बदलणार नाही.”

ताईनं थोरल्याला उचललं. रंगाच्या खुणांवर ट्रायपॉड रोवला, भिंग पुसलं आणि बटण दाबलं. तोच कॅमेरा, तीच जागा, तेच भिंग. फोटो पहिल्या फोटोशेजारी लावला. पोट होतं! सकाळच्या फोटोतल्यापेक्षाही मोठं!

मावशीला पुन्हा बोलवावं लागलं नाही. खोलीतली शांतता ऐकूनच ती आली. मोजे हातातून गळून पडले. ती एकच शब्द बोलली, “गोटू!” आणि अनवाणीच जिना उतरत सुटली.

तिच्यामागे ताई आणि शंकासुर धावले. चिमटी मात्र पडद्यापाशीच खिळली होती. तिला आणखी काहीतरी दिसलं होतं, आणि ते भिंतीपेक्षा भयंकर होतं.

पाळणाघराच्या दारात ते चालवणाऱ्या बाई उभ्या होत्या, कडेवर एक बाळ, पदराला दुसरं लोंबलेलं. या बाईंनी गल्लीतली अर्धी पोरं वाढवली होती. मावशीचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण शेजारी छत्री धरून भिंतीचा कंत्राटदार उभा होता, गल्लीतच राहणारा. बाईंनीच त्याला सकाळी बोलावून घेतलं होतं, कारण मागच्या मोरीत चिखल येत होता.

“फोटोत!” कंत्राटदार खदखदून हसला. “अहो, फोटोत तर मीसुद्धा जाड दिसतो! ही भिंत मी स्वतः दुरुस्त केलीय. शंभर वर्षं हलायची नाही!”

“पण पाणी कुठून निघतं?” शंकासुरानं विचारलं. “टेकडीच्या भिंतीला पाणी निघायला भोकं असतात. इथं एकही नाही.”

“होती ना! बुजवली मी ती. घाण पाणी गळायचं, भिंतीवर ओघळ यायचे. आता कशी नितळ दिसते!” तो हे अगदी अभिमानानं सांगत होता. ताईला ऐकूनच धक्का बसला. टेकडीवरचं सगळं पाणी भिंतीमागे तुंबत होतं आणि हा माणूस रंगाचं कौतुक सांगत होता!

मावशीनं आत जाऊन गोटूला उचललं. “बाई, बाकीच्यांनाही बाहेर काढा. आमच्या घरी चला सगळे.”

“अहो, एवढ्याशा पोरांना या पावसात?” कंत्राटदार म्हणाला. “तापानं फणफणतील! उद्या आईबाप विचारायला येतील, तेव्हा जबाब कोण देणार? ह्या पोरट्यांचा कॅमेरा?”

बाई घुटमळल्या. इकडे भरवशाचा कंत्राटदार, तिकडे सुट्टीतली कार्टी. आणि आत नुकतीच झोपवलेली बाळं. त्यांना काय करावं सुचेना.

तेवढ्यात चिमटी धापा टाकत आली. हातात धाकटा. तिनं ताईला कोपऱ्यात ओढलं आणि कानात काहीतरी सांगितलं.

“काय?” ताई जवळजवळ ओरडलीच.

“तिन्ही फोटोंत बघितलं मी. पहिल्या दिवशी कंत्राटदारकाकांची लाल गाडी भिंतीखाली आहे. दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या पार त्या टोकाला! भिंतीखालची जागा रिकामी असूनसुद्धा!”

ताईच्या डोक्यात संतापाची तिडीक गेली. म्हणजे यांना माहीत होतं! आता भांडून उपयोग नव्हता. मोठी माणसं मुलांच्या भांडणाला ‘आगाऊपणा’ म्हणतात आणि विषय तिथंच संपवतात. तिनं एक मोठा श्वास घेतला, चेहऱ्यावर साखर पसरली आणि कंत्राटदाराकडे गेली.

“काका, सॉरी हं. आम्हाला काय कळतंय भिंतीतलं! खरं तर मावशीला कॅमेरा निवडायचाय. पावसात लाल रंग कसा येतो, तेवढंच बघायचं राहिलंय. आणि तुमच्या गाडीसारखा लाल रंग अख्ख्या गल्लीत नाही!”

कंत्राटदार खुलला. गाडी नवी होती आणि तिचं कौतुक त्याला कितीही चालत असे. “इंपोर्टेड रंग आहे तो! काढ ना, काढ फोटो!”

“पण तिकडे मागे कचरापेटी येते हो. इथं या पिवळ्या भिंतीपुढे काय उठून दिसेल! पाचच मिनिटं आणून लावता का भिंतीखाली?”

कंत्राटदाराचं हसू ओठांवरच राहिलं.

“तिथं नको.”

“का?” चिमटीनं डोळे मोठ्ठे केले.

“तिथं... चिखल आहे.”

“मग आम्ही फरशी टाकतो!” शंकासुर म्हणाला.

“नको म्हटलं ना!”

“पाचच मिनिटं, काका!”

“अगं पाच मिनिटंसुद्धा नाही! वरून एखादा दगडबिगड आला, तर काचेचा चुरा होईल की—”

तो थांबला. पण वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. भिंतीपासून पाच पावलांवर खिडकी होती आणि खिडकीच्या आत ओळीनं बाळं झोपली होती.

कंत्राटदार काहीतरी पुटपुटत, छत्री डोक्यावर धरायचंही विसरून गाडीकडे सटकला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“एकेक उचला,” त्या म्हणाल्या. “चादरीत गुंडाळून. रडली तरी चालतील.”

मग काय धांदल उडाली! मावशीच्या कडेवर दोन, बाईंच्या तीन. ताईनं एका गुबगुबीत बाळाला उचललं, त्यानं तिचे केस धरले ते सोडीचना. शंकासुराच्या खांद्यावर एकीनं दूध काढलं. एरवी तो आठवडाभर कुरकुरला असता, पण त्याला ते कळलंही नाही. सगळे आत आल्यावर बाईंनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजलं, आणि पुन्हा मोजलं.

“सगळी आहेत,” त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

मावशीच्या खोलीत पसरलेले कपडे बाजूला सारून गाद्या घातल्या. दुपारी बाळं पुन्हा झोपली. ताई गॅलरीच्या दारात उभी होती. ‘पडलीच नाही तर? सगळे आपल्याला हसतील,’ असं तिच्या मनात येत होतं, आणि तरीही तिला वाटत होतं, हसू देत, नकोच पडायला.

आधी एकच दगड सुटला. लहानसाच. मग पिवळ्या गिलाव्यावर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ गेली आणि आख्खी भिंत बसकण मारल्यासारखी खाली आली. तिच्यामागून पाणी, चिखल, झाडाची मुळं! पायाखालची फरशी थरथरली. पाळणाघराचं छप्पर पत्त्यासारखं दुमडलं. जिथं खिडकी होती तिथं आता नुसता चिखल होता.

चिमटीच्या हातात कॅमेरा होता, पण बटण दाबायचं तिला सुचलं नाही. तिनं ताईचा हात गच्च धरला होता आणि तिची नखं ताईच्या तळव्यात रुतली होती. ताईनं हात सोडवून घेतला नाही.

संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरून गेलं. आईबाप धावत येत होते, पोरांना छातीशी धरत होते आणि मग या तिघांनाही. अग्निशमन दलाचे साहेब आले. त्यांनी सगळे फोटो ओळीनं बघितले आणि म्हणाले, “आमच्याकडे यायला हवीत अशी पोरं. नुसतं बघत नाहीत, ताडून बघतात.” मावशीनं तिघांना जवळ घेतलं.

“चूक माझी होती. मी भिंगाला दोष दिला आणि मोकळी झाले. शंकासुरा, तू गप्प बसला असतास तर...”

“मग कॅमेरा कुठला?” शंकासुरानं हळूच विचारलं.

“थोरला. खरं तिघंही बोलले, पण मला पटलं ते त्याच्यामुळेच. त्याच्या तैनातीला मी राहीन उभी फडकं घेऊन. पण उद्या नाही निघत. पुस्तकवाल्यांना कळवते, आठवडाभर थांबा म्हणून. इथं बाळांची सोय लागल्याशिवाय पाय निघायचा नाही माझा.”

एवढ्यात दारात कंत्राटदार आला. कपडे भिजलेले, चेहरा उतरलेला.

“बाई,” तो हात जोडून म्हणाला, “देवाशपथ सांगतो, ती पडेल असं मला वाटलं नव्हतं हो!”

बाई उठल्या. कडेवरचं बाळ त्यांनी दुसऱ्या कडेवर घेतलं. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती, पोरं दचकतात म्हणून. आताही त्या हळूच बोलल्या.

“वाटलं होतं. गाडीपुरतं वाटलं होतं.”