जुळारी हजर आहे

"ठके, कोर्टातला पुकारा घरात करायचा नाही. तिथे तीनदा हाक मारून माणूस आला नाही, तर साहेब त्याला गैरहजर लावतात आणि तो सुटतो. घरात त्याला कोण सोडणार?"

माझे मेव्हणे कोर्टात पुकारा करायचे. दालनाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हेच त्यांचं काम. त्यांची लेक ठकी लहानपणी त्यांची नक्कल करायची, तेव्हा ते तिला हे सांगायचे. हसायचे, पण सांगायचे.

आता ते नाहीत. ठकी कायदा शिकायला माझ्याकडे राहते.

पुढचं सगळं खरं आहे. देवापुढे बसल्याशिवाय मी पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही. खोटं सांगून मला काय मिळवायचंय?

तो शनिवार होता. थंडीचे दिवस. नुकती दिवेलागण झालेली. ठकी मागच्या खोलीत निबंध लिहीत बसली होती.

विषय राज्यघटनेचा. सरकारने एखाद्याला धरून नेलं, तर 'तो माणूस आमच्यापुढे उभा करा' असं कोर्ट सांगू शकतं, त्या हक्काबद्दल. आणि त्यात एक जुना खटला. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारा एक माणूस होता. जुळारी. सरकारविरुद्धचं पत्रक जुळवलं म्हणून त्याला घरातून उचलून नेलं. बायको कोर्टात गेली. सरकारी वकील म्हणाले, "त्याला केव्हाच सोडून दिलंय." न्यायाधीशांनी मान डोलावली. अर्ज निकाली.

जुळारी घरी कधीच आला नाही.

ते सरकारी वकील म्हणजेच ठकीचे सर.

दोनदा त्यांनी तिला नापास केलं होतं. तिसऱ्यांदा नापास झाली की विद्यापीठाचं दार कायमचं बंद.

"बाई, हे रडगाणं आहे, निबंध नव्हे," भर वर्गात ते म्हणाले होते. "कोर्टाने विचारलं, माणूस कुठाय? आम्ही सांगितलं, आमच्याकडे नाही. विषय संपला! एवढं डोक्यात शिरत नसेल, तर घरी बसून भाजी निवडा."

वर्ग खदाखदा हसला होता. ते हसू ठकीच्या पोटात तसंच राहिलं होतं.

म्हणून या वेळी तिने ठरवलं. सरांना हवं तेच लिहायचं आणि सुटायचं.

तिने टाइप केलं, 'त्या वेळी जुळारी सरकारच्या ताब्यात नव्हता.'

आणि...

आवाज गेला.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता, टिकटिक नव्हती. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते, तीही तिला ऐकू येईनात. तिने टाळी वाजवून पाहिली.

काहीच नाही.

तिने घाबरून वाक्य पुसलं. घड्याळ पुन्हा वाजू लागलं.

"मावशी, माझ्या कानांना काहीतरी झालंय गं!"

"दिवसभर कानात बोंडं खुपसून गाणी ऐकतेस, दुसरं काय होणार?" मी तिकडूनच म्हटलं.

ते वाक्य तिने बाजूला ठेवलं. सोमवारी निबंध सरांपुढे वाचायचा होता. सुरुवात तरी पुकाऱ्याने झोकात करू, असं तिच्या मनात आलं. ती खोलीच्या दारात उभी राहिली. बाबा उभे राहायचे तशी, एक हात चौकटीवर ठेवून. निकालपत्रातलं जुळाऱ्याचं पूर्ण नाव तिने खणखणीत पुकारलं.

एकदा. दोनदा. तीनदा.

तिसरी हाक तोंडातून गेली आणि तिला बाबा आठवले.

"गैरहजर," ती घाईघाईने म्हणाली.

टक्.

फरशीवर बारीकसं काहीतरी पडलं. धातूचं.

"गैरहजर... गैरहजर!"

टक्. टक्.

तिने टेबलाखाली पाहिलं. फरशी स्वच्छ होती. खोलीत मात्र वास सुटला होता... शाईचा आणि रॉकेलचा.

"तुम्ही... आहात?"

टक्.

"ते म्हणतात तुम्हाला सोडलं होतं. तेव्हा तुम्ही त्यांच्याच ताब्यात होतात?"

ती मागे सरकत भिंतीपाशी गेली.

मग मूठभर खिळे कुणीतरी रागाने फरशीवर आपटावेत, तसा आवाज झाला. माझ्या हातातलं ताट निसटलं. तो आवाज मीही ऐकला, म्हणून तर लिहायला बसले.

मी धावत गेले. ठकी भिंतीला टेकून उभी होती.

"ज्यांनी ज्यांनी तुम्हाला नाही म्हटलं," रिकाम्या खुर्चीकडे पाहत ती म्हणाली, "त्या सगळ्यांपुढे मी तुम्हाला उभं करीन. वचन देते."

"अगं, कुणाला वचन देतेस? जीभ आवर!"

पण शब्द निघून गेला होता. वास हळूहळू विरला.

सोमवारी सरांच्या खोलीत काय झालं, ते ठकीने सांगितलं. शेजारी बसलेल्या दुसऱ्या परीक्षक बाईंनीही नंतर तेच सांगितलं.

ठकीने रविवारभर बसून नवा निबंध लिहिला होता. तिने स्वच्छ वाचलं, 'जुळारी ताब्यातच होता. कोर्टाला खोटं सांगितलं गेलं.'

"पुरावा?" सर ओरडले. "पुरावा कुठाय, बाई?"

"हजर आहे, सर."

दार बंद होतं. तरी रॉकेलच्या वासाने परीक्षक बाईंनी नाकाला रुमाल लावला.

"मूर्खपणा! त्याला आम्ही तेव्हाच..."

पुढचे शब्द ओठांवर दिसले. ऐकू आले नाहीत.

सरांनी पुन्हा तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

आवाज नाही.

आणि त्यांच्या पांढऱ्या कॉलरवर, मागच्या बाजूने, काळी बोटं उमटू लागली...

एकेक करून. सावकाश.

सर वाचले. आवाज मात्र आलाच नाही. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. ते बोलत राहतात, जीव तोडून बोलतात. समोरचा नुसता "काय?" म्हणतो.

परीक्षक बाईंनी ठकीला पास केलं.

"सुटलीस गं बाई," मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"नाही मावशी. ऐक."

टक्.

"अजून काय हवंय त्याला?"

"मी सगळ्यांपुढे म्हटलं होतं ना."

'तो आमच्याकडे नाही' असं कोर्टाला लिहून देणारा तुरुंगाचा अधिकारी मेव्हण्यांच्याही आधी वारला. तेव्हाचे न्यायाधीश मात्र आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, लेकीकडे राहतात.

"अगं, ते म्हातारे झालेत. काठीशिवाय उठता येत नाही म्हणे त्यांना."

"जुळाऱ्याला कुठे म्हातारं होऊ दिलं त्यांनी?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समाधान होतं. आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आज पहाटे मी देवापुढे बसले, पण कुणासाठी काय मागायचं तेच सुचेना. ठकीला अडवावं तर कशाच्या जोरावर? दिलेला शब्द पाळायला तिला मीच शिकवलंय.

तिने केस विंचरले. निकालपत्र पिशवीत घातलं.

"जेवायला येशील?"

"येईन गं. तू थांबू नकोस."

तिने दार उघडलं. बाजूला सरून उंबऱ्यावरून आधी कुणाला तरी जाऊ दिलं...

मग चपला घालून हळूच निघाली.