एक्केचाळिसावा संगणक

सोमवारी सकाळी नऊला 'सूरमांडव'ची नवी आवृत्ती आली आणि दहा वाजेपर्यंत रिद्धीचे कान किटले.

गाणी रेकॉर्ड करायचं हे सॉफ्टवेअर खान्देशातल्या निम्म्या स्टुडिओंत होतं. त्याच्या तक्रारी फोनवर ऐकणं ही रिद्धीची नोकरी. शहाद्यात बसस्टँडमागे वडिलांचं, शांतिलालजींचं, कापडाचं दुकान होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर बसून ती हे काम करायची. नवी आवृत्ती आधी किल्ली तपासायची, म्हणजे विकत घेताना कार्डावर मिळणारा सोळा आकडी क्रमांक. एका किल्लीवर एकच संगणक. जास्त सापडले की सगळेच बंद. अमळनेरच्या एका गृहस्थांनी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. धुळ्याच्या एक बाई, मी आपली पेटीवरच बरी होते, म्हणून रडल्या. रिद्धी सगळ्यांना 'समजू शकते' म्हणत होती आणि टेबलाखाली तिचे पाय काही केल्या थांबत नव्हते.

अकराच्या सुमाराला एक फोन आला. हा माणूस ओरडला नाही.

"मॅडम, मशीन म्हणतं मी चोर आहे," तो म्हणाला. "मी विकत घेतलंय हो... एवढंच कोणाला तरी सांगायचं होतं."

ती उत्तर देणार, तोच खिडकीतून स्टँडवरची घोषणा आली — म्हसावदची गाडी फलाट तीनवर लागली होती. आणि तीच घोषणा, तेच शब्द, फोनमधूनही आले! रिद्धी खिडकीकडे वळली. हा माणूस इथेच, हाकेच्या अंतरावर कुठेतरी बसला होता. पण गाव सांगायचं नाही, ग्राहकाला भेटायचं नाही, हा कंपनीचा नियम होता आणि प्रत्येक फोन रेकॉर्ड होत होता. नोकरीवर तर बरंच काही अवलंबून होतं. नोकरी आहे तोवर स्थळांचा विषय काढणार नाही, असं पप्पांनी कबूल केलं होतं.

त्याचं नाव हेमकांत पाटील. म्हसावदचा, शेतकरी गुजर घरातला. स्टँडजवळ भाड्याच्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता. बंद पडलेल्या संगणकात गुलाबबाईंची अकरा अहिराणी गाणी अडकली होती. गाणी गाऊन झाल्यावर म्हातारीच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता तिला बोलता येत होतं, गाता येत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत किल्लीचा उलगडा झाला नाही, तर खातं कायमचं जाणार होतं, आणि खात्यासोबत ती गाणीही.

रिद्धीने पुरावा म्हणून कार्डाचा फोटो मागवला. फोटो आला. कीबोर्डला झेंडूची माळ, माइकवर आपट्याची पानं, आणि मधोमध ते कार्ड, हळदकुंकू लावून उभं केलेलं. सोळाच्या सोळा आकडे स्वच्छ दिसत होते.

"सर, हा फोटो आणखी कुठे पाठवला होता का?"

"गेल्या वर्षीच्या दसऱ्याचा आहे तो. यंत्रांची पूजा असते ना... आमच्या खान्देशी गायकांच्या ग्रुपवर टाकला होता." तो म्हणाला. "तीनशे लोक आहेत. सगळ्यांनी हात जोडले होते..."

तिने स्वतःचा आवाज बंद केला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हात जोडणाऱ्यांपैकी चाळीस जणांनी आकडे उतरवून घेतले होते. हेमकांतचा धरून एक्केचाळीस संगणक.

उपाय एकच होता. प्रत्येकाने आपल्या संगणकावरून किल्ली काढायची आणि मालकाचं खरं नाव नोंदवायचं. एक जरी नाव खोटं निघालं तरी खातं बंद. हेमकांत दिवसभर लोकांच्या हातापाया पडायचा आणि संध्याकाळी रिद्धीला हिशोब... नव्हे, हकिगत सांगायचा. फोन कोणीही घेतला असता, पण तो अडून बसायचा की मागच्याच मॅडम पाहिजेत. रिद्धीचंही दुपारनंतर कशात लक्ष लागेनासं झालं. चहा तसाच निवायचा, ती खिडकी ते टेबल फेऱ्या घालत राहायची. हे काय होतंय ते तिला कळत होतं, आणि कळूनही आवरत नव्हतं.

बुधवारी बोलता बोलता स्टँडवर घोषणा झाली. तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडेपण आत्ता नंदुरबारची गाडी लागली का?"

"त्याबद्दल मी माहिती देऊ शकत नाही, सर."

"नका देऊ. फक्त... खिडकी लावू नका."

तिने खिडकी लावली नाही.

शनिवारी दुपारपर्यंत एकोणचाळीस नावं आली. यादीत एकच संगणक उरला. रिद्धीने त्याचा तपशील उघडला. शहादा, स्टँड रोड. संगणकाचं नाव 'शांतिलाल काउंटर'.

ती धडाधड जिना उतरली. शांतिलालजी आधी इकडेतिकडे बघत राहिले, मग खाली मान घालून कबूल झाले. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा ते जैन स्तवनांना चाली लावायचे. चुपचाप, गेलं वर्षभर. "गायकांच्या ग्रुपवर आलेला पूजेतला फोटो होता बेटा. पूजेतली वस्तू सगळ्यांचीच, असं मला वाटलं." त्यांनी तिथल्या तिथे किल्ली काढून टाकली.

नाव लिहायचं तेवढं राहिलं. कर्मचाऱ्याच्या घरात चोरीची किल्ली सापडली की नोकरी जाते, या कागदावर रिद्धीनेच सही केली होती. साडेपाच वाजले. नोकरी गेली की स्थळं सुरू, हे तिला लख्ख दिसत होतं. नाव नाही लिहिलं तर गुलाबबाईंचा आवाज गेला, आणि पुन्हा त्या माणसाशी बोलायला तोंड राहिलं नसतं. तिने तीनदा खुर्ची सोडली, तीनदा बसली. मग लिहिलं — शांतिलाल जैन, माझे वडील.

सहाला हेमकांतचं खातं उघडलं. सव्वासहाला रिद्धीचं कंपनीतलं खातं बंद झालं.

"माफी तुम्ही मागायची, पप्पा," ती म्हणाली. "मी सोबत येते." वाटेत शांतिलालजींनी चाचरत सांगून टाकलं की नंदुरबारच्या एका घरून कधीची विचारणा आहे, उद्या रविवारीच या म्हणून कळवतो.

स्टुडिओचं दार हेमकांतने उघडलं. उंच, सावळा, दाढी वाढलेला. शांतिलालजींनी हात जोडले, आपलं आणि रिद्धीचं नाव सांगितलं, किल्लीचं कबूल केलं. तो एवढंच म्हणाला, "काका, बसा. आधी गाणं ऐका." त्याने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज मोठा केला. शांतिलालजींनी डोळे मिटले, त्यांची मान डोलू लागली.

रिद्धी अजून एक अक्षरही बोलली नव्हती.

"उद्या मला बघायला येणार आहेत," ती म्हणाली. "मला नको आहे."

पहिल्या शब्दालाच तो वळला होता. 

"तुम्हीच..." तो म्हणाला, आणि शहरी मराठी सोडून अहिराणीवर आला. "पाच दिवसपाईन मना जीव ठिकाणवर नही शे. आवाज एवढा जवळ, आन् मानूस कोठे दिखत नही. माले तुम्हीच पाहिजेत. पन मी गुजर, तुम्ही जैन... तुमना पप्पा आयकतीन का?"

"त्यांनी वर्षभर तुमची किल्ली वापरलीय," रिद्धी म्हणाली. तिला हसू येत होतं. "निदान ऐकून तरी घेतील."

तो शांतिलालजींसमोर जाऊन बसला.  रिद्धीने हात पुढे करून गाणं थांबवलं. शांतिलालजींनी डोळे उघडले.

"काका," हेमकांत म्हणाला, "मला रिद्धीशी लग्न करायचंय."