ओढून आणलेला सेराफिन

ती खाजणं आता उरली नाहीत. समुद्रानं एकेक वादळात घास घेत ती संपवली. पण ऑक्टोबरात वारा जरा कोरडा झाला की एर्मिनाच्या नाकाला अजून तो वास येतो... उन्हात तापलेल्या चिखलाचा, मिठाचा आणि ओल्या दोरीचा.

ती तेव्हा वीस वर्षांची होती. लुइझियानातलं डेलाक्रोआ हे तिचं गाव. सगळे त्याला नुसतं ‘बेट’ म्हणत. त्या साली बाबांचा हात जाळं ओढायच्या चाकात सापडला, म्हणून होडी तिनं घेतली. शरदात कोळंबीमागे ट्राउट मासा खाडीत शिरतो, आणि त्याच्या डोक्यावर कुरव पक्षी कलकलाट करतात. एका सकाळी ती कुरवांच्या मागे गेली, तर समोर एक होडी वाहत चाललेली. तिच्यात एक तरुण बुटानं मोटरला बडवत होता.

“मारून चालू होते होय?”

“नाही. पण मला बरं वाटतं.”

एर्मिनाला हसू आवरेना. “कुठला तू?”

“शेल बीच. सेराफिन.”

“तरीच! तुमच्याकडचे बूट मजबूत, मोटरी नाहीत.”

तिनं दोरी फेकली. त्यानं ती पकडली, पण चेहरा पडला. “ऐक ना... खाडीच्या तोंडाशी सोड. पुढे मी वल्हवीन. तुमच्या धक्क्यावर नको. पोरीनं ओढून आणला म्हणतील.”

“मग काय खोटं म्हणतील?”

ओहोटी लागली होती. त्याला वल्हवत जाणं जमलंच नसतं. तिनं त्याला थेट धक्क्यावर नेलं. तिथं आल्सिड मामा बसलेले. गावात कुणाची फजिती झाली की मामांचं गाणं तयार! संध्याकाळच्या आत पोरंसोरं गाऊ लागली –

*शेल बीचचा मोठा मासा गळावाचून सापडला,*
*एर्मिनाच्या दोरीला तो मान हलवत लागला!*

पुढच्या शनिवारी सेराफिन गोणीभर कालवं घेऊन हजर. “हे मामांना. गाणं थांबवा म्हणावं.”

मामांनी कालवं चवीनं खाल्ली आणि कालवांवर दोन ओळी वाढवल्या.

त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा गोणी. मग एर्मिनानंच विचारलं, “लाच दिली की गाणं लांबतंय, कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

“मग येतोस कशाला?”

तो कान खाजवत पाण्याकडे बघत राहिला. “तुमच्याकडचे ट्राउट मोठे आहेत,” म्हणाला.

त्यानंतर शनिवारी दोघं तिच्याच होडीतून जाऊ लागली. तो जिवंत कोळंबी गळाला लावायचा, ती होडी वाऱ्यावर धरायची. मासा लागला की तिला घाई व्हायची. “हिसका नको,” तो हळूच म्हणायचा, “याचं तोंड नाजूक असतं. सैलही सोडू नकोस... हां, असं.” एकदा दोरीवर त्याचा हात तिच्या हातावर आला. मासा होडीत येऊन पडला, तरी हात तिथंच राहिला.

नोव्हेंबरात उत्तरेचा पहिला गार वारा सुटला. कुरव दिसेनासे झाले. ट्राउट खोल डोहात गेले. त्या शनिवारी परतताना एर्मिना म्हणाली, “सोमवारी मी शहरात चालले. मावशीच्या टोप्यांच्या दुकानात.”

सेराफिनच्या हातातून गळाची काठी घसरली. “किती दिवस?”

“कायमची. बाबांचा हात बरा झालाय. होडी आता त्यांची.”

“तुला जायचंय?”

“ते कुणी विचारलंच नाही.”

“मी विचारतोय.”

“नाही,” ती म्हणाली, “नाही जायचं.”

“मग... माझी एक होडी आहे. अर्धी तुझी.”

“हाताखाली माणूस हवंय का तुला?”

“नाही गं!” तो लाल झाला. “लग्न करशील का, असं म्हणतोय मी... नीट म्हणता येत नाही, एवढंच.”

“आलं की म्हणता,” ती म्हणाली, आणि डोळे पुसत हसली.

त्या संध्याकाळी भाजी-शेंगांच्या कालदो सूपची वाटी बाबांपुढे ठेवत तिनं एका दमात सांगून टाकलं. बाबांचा चमचा वाटीतच राहिला.

“शेल बीचचा? तो मोटरवाला?”

“तोच.”

“मावशीला शब्द दिलाय मी.”

“तुम्ही दिलाय बाबा. मला विचारलं नव्हतंत.”

बाबांनी आपला बरा झालेला हात उघडला, मिटला. “पाण्यावर बरी दिसतेस तू,” शेवटी पुटपुटले. “पण मावशीला चिठ्ठी तूच लिही. मी तिच्या तोंडी लागणार नाही.”

सोमवारी शहराची बस आली. बर्फात बांधलेले सहा ट्राउट आणि चिठ्ठी एर्मिनानं ड्रायव्हरच्या हाती दिली. “आणि तू?” त्यानं विचारलं.

पण ती धक्क्याकडे पळत सुटली होती. भरती लागली होती, आणि सेराफिननं होडी सोडवून धरली होती.