राखीव किल्ली

पर्थला परत जायच्या आदल्या दुपारी अवंतीने आईच्या घराला बोगदा खणला. त्यासाठी पहार-फावडं लागलं नाही. जेवणाच्या टेबलावर उघडलेला लॅपटॉप पुरला. समोर आई वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"बोगदा कशाला? दार आहे नं घराला," कुंदाताई म्हणाल्या.

"दारातून यायला मला विमान लागतं, आई. हा इंटरनेटमधला खासगी रस्ता. त्याचं एक तोंड आपल्या सर्व्हरपाशी, दुसरं माझ्या लॅपटॉपमध्ये. मधल्या कुणाला आतलं काही दिसत नाही."

सर्व्हर म्हणजे टीव्हीच्या मागे ठेवलेली पोळ्यांच्या डब्याएवढी काळी पेटी. अमरावतीतल्या बऱ्याच घरांत आता अशी पेटी होती आणि ती दिवे, गीझर, कॅमेरे सांभाळायची. कुंदाताईंच्या पेटीकडे मात्र त्याहून मोठं काम होतं. त्यांच्या विसरभोळेपणाला डॉक्टरांनी आजाराचं नाव दिलं, तेव्हापासून ती त्यांची 'स्मरणसाथ' झाली होती. कुंदाताईंच्या कानात मण्याएवढं यंत्र असे. बोलता बोलता त्या अडखळल्या की पेटी नेमकी आठवण हळूच कानात सांगे आणि वाक्य पुरं होई. समोरच्याला पत्ताही लागत नसे. हळूहळू तो कुंदाताईंनाही लागेनासा झाला. कानात सांगितलेली आठवण त्यांना आपलीच वाटू लागली. डॉक्टर याला यश म्हणत.

घरच्या आठवणी कुठल्याशा कंपनीच्या यंत्रावर ठेवायच्या नाहीत, यावर अवंती ठाम होती. पण पेटीलाही आठवणी पुरवायला माणूस लागतोच. ती रोज एखादा प्रश्न विचारी आणि घरच्यांनी त्याचं उत्तर सांगायचं. बाबा गेल्यावर सांगणारी अवंतीच उरली होती. तिच्यासाठीच हा बोगदा, आणि त्याच्या दोन किल्ल्या: एक तिच्या लॅपटॉपमध्ये, दुसरी राखीव, एका छोट्या कार्डात.

"हे कार्ड नीट सांभाळून ठेव," अवंतीने बजावलं.

"ठेवते. एवढी का मी वेडी झाली आहे?"

पर्थला पोचल्यावर सुरुवातीला अवंती ऑफिसातून घरी जाताना रोज उत्तरं देत होती. पुढे काम वाढलं आणि प्रश्न साचत गेले. उद्या बघू म्हणत तिने एक दिवस सूचनाच बंद करून टाकल्या. आई फोनवर छान बोलत होती, मग काळजी कसली? खरं तर ती आधीपेक्षाही छान बोलू लागली होती.

एका रविवारी मात्र अवंतीचे कान टवकारले.

"चिखलदऱ्याला तू घोड्यावरून उतरायलाच तयार नव्हती," कुंदाताई हसत सांगत होत्या. "घोडेवाल्याला मिठी मारून रडली. शेवटी बाबांनी त्याला आपल्यासोबत जेवायला बसवलं, तेव्हा कुठं उतरली."

अवंती जन्मात कधी घोड्यावर बसली नव्हती. लांबून घोडा दिसला तरी ती रस्ता बदले.

फोन ठेवून तिने बोगदा उघडला आणि पेटीला विचारलं, "ही चिखलदऱ्याची आठवण कुणी दिली?"

"राखीव किल्लीने आलेल्या व्यक्तीने," पेटी म्हणाली. "तुमच्याकडून उत्तरं येत नव्हती, म्हणून प्रश्न त्यांच्याकडे पाठवले."

अवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राखीव किल्ली कुठे असणार, हे तिला आत्ता उमगलं. तिने समोरच्या फ्लॅटमधल्या निशाकाकू ढोमण्यांना फोन लावला.

"काकू, आमच्या सर्व्हरची किल्ली तुमच्याकडे आहे?"

"आहे नं," काकू सहज म्हणाल्या. "या मजल्यावरच्या सगळ्याच घरांच्या जास्तीच्या किल्ल्या माझ्याच घरी राहतात. तू गेली त्याच दिवशी तुझ्या आईनं आणून दिली. का, काय झालं?"

"तुम्ही आईला खोट्या गोष्टी सांगितल्यात!"

"खोट्या कशा बाप्पा? घोड्यावर माझी प्राची बसली होती. ते कार्ड मोबाइलला लावलं, तर यंत्र विचारून राहिलं होतं, मुलगी लहानपणी कशी होती, सुट्टीत कुठं नेली तिला. तुझं मला काय माहीत? तुम्ही इथं राहायला आले तेव्हा तू कॉलेजात होती." काकूंचा आवाज उतरला. "तुझी आई बोलता बोलता थांबायची अन् माझ्या तोंडाकडे पाहत बसायची. मला नाही पाहवलं गं. माझ्याजवळ जे होतं, ते दिलं."

अवंतीने फोन ठेवला. तिला स्वतःची लाज वाटली, पण राग काही गेला नाही. आईच्या मनात आपल्या जागी दुसऱ्याची मुलगी खेळते आहे, हे तिला सहन होत नव्हतं. तिने प्राचीच्या सगळ्या आठवणी शोधून काढल्या. त्या बऱ्याच निघाल्या.

"या पुसल्या तर जागा रिकाम्या राहतील," पेटी म्हणाली. "तिथे काय ठेवू?"

अवंती आठवू लागली. शाळेचा पहिला दिवस, पहिला शब्द, तापात कोण उशाशी बसलं होतं... काही केल्या काही हाती लागेना. या गोष्टी तिला आईच सांगायची, आणि ती मोबाइलमध्ये डोकं घालून हो-हो म्हणायची. आता विचारणार तरी कुणाला?

तरीही तिने पुसल्या. परक्या आठवणींपेक्षा कोरी जागा बरी, असं त्या क्षणी तिला मनापासून वाटलं. मग तिने आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, ती घोड्यावरची मुलगी मी नव्हते. ती निशाकाकूंची प्राची."

"असं होय?" कुंदाताई म्हणाल्या. त्यांनी बोटाने कानातलं यंत्र चाचपलं आणि थोडं थांबून पाहिलं. कानात कुणीच काही सांगितलं नाही. त्या रागावल्या नाहीत, की घाबरल्याही नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्या स्क्रीनजवळ आल्या आणि नव्याने ओळख झालेल्या पोरीला विचारावं तशा मायेने त्यांनी विचारलं,

"मग तू कशी होती गं लहानपणी?"