पाळण्याजवळचा वास

कमी दिवसांच्या बाळांच्या खोलीतली सिस्टर म्हणजे मोठी खमकी बाई बरं का! भल्याभल्या डॉक्टरांना गप्प बसवायची. पण त्या खोलीत अधूनमधून सडक्या पाण्याचा वास यायचा, त्याच्यापुढे मात्र तिचंही काही चालेना. वास आला की बाळं टाहो फोडायची. मग कुणी हडळ शिरलीय असं समजून सिस्टर भसाभस फिनेल ओतायची.

"निघ इथून, मेले!"

वास हटायचा. कधीकधी त्याच्यामागून फुलांचा मंद सुवास दरवळायचा, बाळं शांत व्हायची आणि सगळ्यांना हायसं वाटायचं. त्यातलं एखादं दगावलं, तर खापर त्या सडक्या वासावरच फुटायचं.

आता कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत सिस्टरच्या धाकट्या बहिणीची लेक होती. बहिणीची आधीची दोन बाळं गेलेली. हीच काय ती आशा.

एका दुपारी वास आला. पोरगी किंचाळली. सिस्टरनं बाटली उपडी केली. वास गेला, सुवास आला, पोरगी गप्प झाली.

"कशी गं माझी गुणाची..." म्हणत सिस्टर वाकली. ओठ निळे. छाती हलेना. तिनं पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. छे! सुवास मात्र दाटतच चालला होता.

"अगं बाई... इतकी वर्षं मी हाकलत होते कुणाला?"

तिनं दाराकडे बघून हात जोडले. "चुकले गं... ये ना..."

ओली पावलं वाजत आत आली. सडक्या वासाचा लोट आला, पण सिस्टर तसूभर हलली नाही. पावलं पेटीशी थांबली. पोरगीनं असा टाहो फोडला की खोली दणाणली. सिस्टर ढसाढसा रडली.

त्या दिवसापासून फिनेल बंद. कुणी नाक मुरडलं की सिस्टर डाफरायची, "गोड वास आला की चांगलं, घाण आली की वाईट! एवढंच कळतं आपल्या नाकाला. शिव्या खाऊन लेकरं राखते ती. आहे का आपली छाती?"

पोरगीनं बाळसं धरलं. मग एके दिवशी तिला खालच्या मजल्यावर आईजवळ दिलं. संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

"ताई, किती शांत झोपलीय गं! आणि खोलीत काय छान वास येतोय... फुलांचा..."

रिसीव्हर तसाच टाकून सिस्टर जिन्याकडे धावली. तिच्याही पुढे, कोरड्या पायऱ्यांवर ओली पावलं उमटत होती, दोन-दोन पायऱ्या गाळत.