शेवटची दोन मिनिटं

हातात बॅटरी घेऊन एकतीस वर्षं थिएटरच्या दारावर काढूनही बॅटरीमामांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. कामच तसं होतं. शेवटाला दोन मिनिटं उरली की वर मशीनच्या खोलीतला ऑपरेटर भिंतीवरचा एक बारीक पिवळा दिवा लावायचा. तो दिसला की मामांनी पडद्याकडे पाठ करायची, दाराचा अडसर काढायचा आणि पहिला माणूस बाहेर येईपर्यंत दार धरून उभं राहायचं. शेवट काय झाला, ते मामा बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडावर वाचायचे. डोळे पुसत आले की कुणीतरी गेलं, शीळ घालत आले की जमलं. त्यात ते सहसा चुकत नसत.

हा सिनेमा लागला आणि त्यांचा अंदाज पार कोलमडला.

गोष्ट साधी होती. एक आजारी नवरा आणि त्याला औषध देणारी बायको. पावणेदोन तास नवऱ्याच्या डोक्यात एकच किडा वळवळतो, ही मला विष देतेय. शेवटी ती ग्लास टेबलावर ठेवते. इथे दिवा लागायचा आणि मामा पाठ फिरवायचे.

पहिल्याच खेळाला दारात जुंपली. एक मास्तर म्हणत होते, तो औषध प्यायला आणि मेला, बाई पक्की खुनी. त्यांची बायको म्हणत होती, प्यायलाच नाही मुळी. ओतून दिलं मेल्यानं, आणि ती बिचारी बघत राहिली. दोघं शेजारीशेजारी बसलेली. मग रोजच तसं. निम्मी माणसं एक सांगायची, निम्मी दुसरं. काही पुन्हा येऊन खात्री करून जायची आणि पुन्हा आपलंच खरं म्हणायची. मालकाला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मामांनी ऑपरेटरला गाठलं. तो म्हणाला, सिनेमा एकच आहे, शेवटही एकच. कोणता, असं विचारल्यावर मात्र तो मशीन पुसू लागला.

"मामा, त्या वेळी मी दिवा लावत असतो," तो म्हणाला.

दिवा लावायला दोन मिनिटं लागत नाहीत, हे मामांना ठाऊक होतं.

बुधवारच्या मॅटिनीला मामी आणि सून दोघी आल्या. सून बाहेर पडली तीच बडबडत, तो सगळं गटागट प्यायला म्हणून. मामी सगळ्यांच्या मागून आल्या, भिंतीला हात लावत. घरी आल्यावरही तोंडाला कुलूप. मामांनी दोनदा विचारलं.

"अहो, एकदा तुम्हीच बघा की," मामी म्हणाल्या. वर मात्र पाहिलं नाही.

मामांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

त्यांना पोटाचं जुनं दुखणं होतं. संध्याकाळी सात वाजता मामी पांढरी पूड पाण्यात ढवळून ग्लास टेबलावर ठेवायच्या आणि मामा बातम्या ऐकत तो रिकामा करायचे. औषध एक दिवसही चुकवलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्या संध्याकाळी मामांनी पहिल्यांदाच ग्लास उजेडात धरला. तळाशी पूड बसली होती. रोजच बसत असेल. त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मामी पाठमोऱ्या आहेत असं बघून त्यांनी ग्लास मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशीही ओतला. तिसऱ्या दिवशी पोटात कळा सुरू झाल्या. आता या कळा औषध ओतल्यामुळे की इतकी वर्षं घेतल्यामुळे, हे कुणाला विचारायचं? बायकोलाच?

शनिवारी त्यांनी बुकिंगवाल्याला दारावर उभं केलं आणि स्वतः मागच्या रांगेत बसले. भिंतीवर दिवा लागला. हात सवयीने अडसराकडे निघाले, तेव्हा त्यांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले.

पडद्यावर टेबल होतं. टेबलावर ग्लास, पुढे खुर्ची.

खुर्ची रिकामी होती.

बाईने ग्लासची कड अंगठ्याने पुसली, दोनदा, आणि ग्लास त्या खुर्चीपुढे सरकवला. मामांच्या डावीकडे कुणीतरी पुटपुटलं, "प्यायला." उजवीकडे कुणीतरी हसलं, "ओतलं की रे." मामांनी डोळे चोळले, मान पुढे काढली. खुर्चीत कुणीच नव्हतं.

दारात बुकिंगवाल्याने विचारलं, मग काय झालं शेवटी. मामांनी सांगितलं, तिथे माणूसच नव्हता. बुकिंगवाल्याने ती थट्टा समजून त्यांच्या पाठीवर थाप मारली.

सात वाजता मामी औषध ढवळत होत्या. चमचा बाजूला ठेवून त्यांनी ग्लासची कड अंगठ्याने पुसली. दोनदा.

"ही सवय कधीपासून?" मामांनी विचारलं.

"कसली?"

मग मामांनी पडद्यावर काय दिसलं ते सांगून टाकलं. मामी ऐकत राहिल्या. ग्लास हातातच होता.

"मलाही खुर्ची रिकामीच दिसली," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बोलले नाही. घ्या आता. दुखतंय ना."

मामांनी ग्लास हातात घेतला. काच गार होती. एवढं त्यांना आठवतं.

"बाबांनी घेतलं आज औषध, मी बघितलं," सून दारातून म्हणत होती.

"नाही गं," मामी म्हणाल्या. "ओतलं त्यांनी. माझ्या देखत."

"आई, घेतलं हो. सगळं घेतलं."

ग्लास टेबलावर होता, रिकामा. मामांनी तोंडात जीभ फिरवून पाहिली. चव नव्हती. हात कोरडे होते.

"अगं, मला विचारा की," ते म्हणाले.

दोघींपैकी कुणी वळलं नाही. सुनेची नजर खुर्चीवरून फिरली आणि पुढे गेली. मामी मात्र खुर्चीकडे बघत राहिल्या, कुणाची तरी वाट बघावी तशा.

तेवढ्यात समोरच्या भिंतीवर, जिथे कधी दिवा नव्हता, तिथे एक बारीक पिवळा दिवा लागला.

मामा सवयीने उठले. दोघींकडे पाठ केली, आणि दाराचा अडसर काढला.